"शाळेत वेटर घडवताय का?": सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

नववी-दहावीच्या मुलांना मी कार्यक्रमांचं नियोजन आणि पर्यटनाची जाहिरात शिकवायला जाते, त्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "शाळेत वेटर घडवताय का? सीझन जेमतेम आठ महिन्यांचा. गणित-विज्ञान शिकवा, मंडप घालायला शाळा लागत नाही." तुम्ही जन्मभर शिकवलंय, म्हणून दोन ओळींत आटपत नाही.

तुमचं एक म्हणणं मला लागलं, कारण ते खरं आहे. दोन वर्षांपूर्वी मुलं कामाच्या अनुभवासाठी एका हॉटेलात पाठवली. आठवडाभर त्यांनी ताटं विसळली. बुकिंगचं रजिस्टर कुणी उघडूनसुद्धा दाखवलं नाही. एका मुलीची आई मला म्हणाली, "बाई, ह्यां काम तां घराकच करता, मगे शाळा कित्याक?" मला उत्तर सुचलं नाही. आता मुलं कुठे पाठवायची तर काय शिकवणार ते आधी लिहून घेतो.

पण मंडपाचं पटलं नाही. आपल्या मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीचंच बघा. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते, देवीचा कौल झाला की ठरते. मग जादा एसट्या, रेल्वेच्या जादा गाड्या, रांगा, पाणी, पार्किंग, आणि दीड दिवसात लाखो माणसं. हे आपल्या माणसांना जमतं, पण सगळं तोंडी. वर्गात आम्ही ते कागदावर आणतो. तारीख शेवटी लिहायची आणि तिथून एकेक दिवस मागे मोजत यायचं.

गणिताचंही सांगते. "पुण्याहून 35 माणसं, देवबागला एक दिवस, माणशी किती घ्याल?" असं विचारलं. मुलगे लगेच सुरमईच्या दरावर भांडायला लागले. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिच्या घरी होडी आहे, तिने विचारलं, "बाई, खंयच्या तिथीक येतत?" सर, मी बारा वर्षं न्याहारी निवास चालवते, तरी हा प्रश्न मी पहिला विचारला नसता. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. ओहोटीला उघडी पडणारी वाळू दाखवायची तर होडी कधी सोडायची ते तिथीवर, आणि जेवणाची वेळ होडीवर. तिने फळ्यावर सगळा दिवस भरतीभोवती मांडला. मग चंद्राचा धडा काढला, तेव्हा तो कुणाला कंटाळवाणा वाटला नाही.

जाहिरातीत एकाने आधी लिहिलं, "निसर्गरम्य कोकणात आपले सहर्ष स्वागत." परत लिहायला लावलं. दुसऱ्यांदा आलं ते असं: "घरापासून वाळू चाळीस पावलांवर. मोबाइलला रेंज फक्त पुढच्या पडवीत. सोमवारी आमच्याकडे मासे शिजत नाहीत." पाहुण्यांशी होणारी निम्मी भांडणं आधी न सांगितलेल्या गोष्टींवरून होतात, हा माझा अनुभव आहे.

सीझनचं म्हणाल तर मान्य. मे संपता संपता पाण्यातले खेळ बंद, जून-जुलैत मासेमारीही बंद. म्हणूनच आठ महिन्यांच्या कमाईत बारा महिन्यांचा खर्च बसवून दाखवा, हा आमचा दुसरा मोठा पाठ आहे.

1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या जमिनी कशा गेल्या आणि त्याच जागांवर आपली पोरं कोणत्या कामाला लागली, ते तुम्हीही पाहिलंय. न शिकवताच ती वेटर झाली, सर. आता 2025 मध्ये सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. येणारं माणूस वाढणार. त्याचा दर ठरवणारं, त्याला नको म्हणू शकणारं पोर इथलं असावं, एवढ्यासाठी माझा जीव तुटतो.

जत्रेची तारीख जाहीर झाली की दुसऱ्याच दिवशी वर्ग आहे. मुलांची पत्रकं तेव्हा छापायला जायची आहेत आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर आहेत. तुम्ही याल का तपासायला?