आमच्या घरी प्रायोनायटिस

मित्राने कातळावरून आणलेली वीतभर फांदी माझ्या हातात दिली. म्हणाला, "दगडात वाढतं हे. काही करायचं नाही."

"नाव काय याचं?"

"फूल आलं की कळेल."

माझं पुढचं दीड वर्ष या दोन वाक्यांनी खाल्लं.

काही न करणं मला जन्मात जमलेलं नाही. रोज सकाळी दात घासताना ती कुंडी समोर दिसायची, बिचारं तहानलेलं असेल असं वाटायचं आणि मी तांब्याभर पाणी ओतायचो. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली. पिवळी पडली म्हणून आणखी एक तांब्या. शेवटी बायकोने कुंडी उपडी केली. आत नुसता रबरबाट, मुळं काळी आणि वास असा, की दोघंही मागे सरकलो. "अहो, दगडातलं झाड ना हे? मग दगड घाला की!" तिने शेंड्याचा एक धड तुकडा कापून निम्मी खडी, निम्म्या मातीत खोचला. तो जगला. मला मात्र पाणीबंदी लागू झाली. मातीत बोटाचं पेर खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी, असा नियम निघाला.

पेर खुपसायचं ते काट्यांमधून, हे नियम करणारीला माहीत नव्हतं. पानाच्या बगलेत एकाच जागेतून तीन-चार काटे, चारी दिशांना तोंडं करून बसलेले. एकाला चुकवावं तर दुसरा तयार.

दरम्यान फोनमधल्या ओळखयंत्राकडे गेलो. पहिल्या दिवशी त्याने लिंबू सांगितलं, दुसऱ्या दिवशी डाळिंब. तिसऱ्या दिवशी फोटोत माझा अंगठा आला होता, त्याला भूछत्र ठरवलं. मग वनस्पतींचा एक जाडजूड ग्रंथ मिळवला. असा ग्रंथ उलटतपासणी घेणाऱ्या वकिलासारखा असतो. पानं समोरासमोर आहेत का? आहेत. काटेरी आहे का? विचारू नका. फूल कसं आहे? इथे आमचा खटला वर्षभर तहकूब.

आणि एके दिवशी फूल आलं. एकच. पिवळंधमक. जवळून पाहिलं तर पाच पाकळ्या, पण त्यांच्यात भांडण झाल्यासारखं, चार वरच्या बाजूला एकत्र आणि पाचवी खाली एकटी. दोन पुंकेसर बाहेर डोकावत होते. मी भिंग घेऊन ग्रंथापुढे हजर झालो. पुढचा प्रश्न होता: निदलं किती? चार असल्यास बाहेरची दोन मोठी आणि आतली दोन लहान आहेत का?

निदलं म्हणजे फुलाच्या बुडाची हिरवी पानं. ती मोजायची तर फूल तोडून सोलावं लागणार होतं. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते झाडावर अर्धा दिवसही राहिलं नव्हतं. पण नाव हवं होतं. डोळे मिटून खुडलं. निदलं चार, बाहेरची दोन रुंद, टोकाला बारीक काटा. निकाल लागला: बार्लेरिया प्रायोनायटिस. म्हणजे आपली कोरांटी.

बायको म्हणाली, "कोरांटी होय? मला विचारायचंत." दीड वर्षात मी तिला पाणी किती घालू हे विचारलं होतं, नाव विचारायचं राहिलं.

नाव ऐकायला सांधेदुखीच्या चुलतभावासारखं आहे. प्रत्यक्षात प्रायोन म्हणजे ग्रीकमध्ये करवत, आणि बार्लेरिया हे बारेलिए नावाच्या फ्रेंच धर्मगुरू वनस्पतीतज्ज्ञावरून. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये हे नाव छापलं. त्यालाही काटा टोचला असावा, असा माझा कयास आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात म्हणे ही तण म्हणून माजते आणि लोक ती उपटून काढतात. मला एक जगवताना घाम फुटला.

पुढे फुलं रीतसर आली. मी एकाला हात लावला नाही. चोचीसारख्या टोकाची बोंडं धरली. एका बोंडात दोन चपट्या बिया. त्या रात्रभर ओल्या कापडात ठेवल्या. सकाळी पाहतो तर प्रत्येक बीला पांढुरकी, बुळबुळीत लव. बुरशी! मी बिया घासूनपुसून धुतल्या, तरी लव जाईना, म्हणून वैतागून ते पाणी बियांसकट गुलाबाच्या कुंडीत फेकलं. ग्रंथ नंतर उघडला. या बियांच्या अंगावर केस चिकटून बसलेले असतात, ते भिजले की फुलून चिकट होतात. उघड्या कातळावर बी वाहून जाऊ नये म्हणून केलेली सोय मी बुरशी म्हणून घासत होतो.

काल गुलाबाच्या कुंडीत दोन पानांचं काहीतरी वर आलंय. फोनला दाखवलं.

म्हणाला, गुलाब.