काळी बुरशी: रंग नका बघू, पाणी कुठून येतंय ते बघा

पाऊस सुरू झाला की तो मेसेज परत फिरायला लागतो, यंदा माझ्याकडे तीन ग्रुपवर आला. "भिंतीवर काळे डाग म्हणजे टॉक्सिक ब्लॅक मोल्ड, कोविडमधली ब्लॅक फंगस हीच, हिच्यामुळे फुप्फुसात रक्तस्राव होतो, लगेच ब्लीच मारून वरून अँटिफंगल पेंट लावा आणि लॅबमधून टेस्ट करून घ्या." तो वाचून माझ्या मावशीने चिपळूणहून रात्री साडेदहाला फोन केला, कपाटामागे काळं दिसतंय म्हणाली, आवाजात खरी भीती होती. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिला, काळी म्हणजे विषारी. नाही. क्लॅडोस्पोरियम, अल्टरनेरिया, अ‍ॅस्परजिलस नायजर अशा कितीतरी साध्या बुरश्या काळ्याच दिसतात आणि नुसत्या डोळ्यांनी जात ओळखता येत नाही, त्याला मायक्रोस्कोप लागतो. मेसेजमध्ये जिचा फोटो असतो ती स्टॅकीबोट्रिस. तिला कागद, पुठ्ठा, लाकूड असं काहीतरी खायला लागतं आणि तेसुद्धा दिवसेंदिवस चिंब राहिलेलं. अमेरिकेत घरांच्या आतल्या भिंती कागद चिकटवलेल्या जिप्सम बोर्डच्या असतात म्हणून तिकडे तिचा एवढा बोलबाला. आपल्याकडे भिंत विटांची नाहीतर जांभ्याच्या चिऱ्याची, वर सिमेंटचं प्लास्टर, तिथं जे काळं ठिपक्याठिपक्यांनी येतं ते बहुतेक वेळा रंगाच्या थरावर आणि धुळीवर वाढणाऱ्या दुसऱ्याच बुरश्यांचं असतं. हां, फॉल्स सीलिंगचा बोर्ड, कपाटाचा मागचा प्लाय, माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके, हे भिजून तसेच राहिले असतील तर तिथं ती येऊ शकते, तिथं जरूर बघा.

आणि सगळं काळं ही बुरशीच असते असंही नाही. गच्चीच्या कठड्यावर, बाहेरच्या सज्जावर येतं ते बहुतेक शेवाळ. देवघराच्या वरचा काळेपणा निरांजन-उदबत्तीची काजळी असू शकतो. शंका असेल तर डागावर ब्लीचचा एकच थेंब टाका, एक-दोन मिनिटांत फिका पडला तर बुरशी, काळाच राहिला तर काजळी किंवा मळ. पांढरी पावडर फुटली असेल तर तो लोणा, भिंतीतले क्षार, त्याच्यावर पाणी मारलं की विरघळतो, बुरशी विरघळत नाही. डाग कुठं आहे हे त्याच्या रंगापेक्षा जास्त सांगतं: तपकिरी कडा आणि फुगलेला रंग दिसला तर वरून किंवा आतून लीकेज, तळमजल्यावर खालून वर चढत आलेली असेल तर जमिनीची ओल, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे बारीक ठिपके असतील तर हवा खेळत नाही आणि गार भिंतीवर वाफ धरतेय. काहीच दिसत नाही पण खोलीत कुबट वास येतो, तर सामान हलवून मागे बघा.

दुसरा, कोविडमधली ब्लॅक फंगस. हे सगळ्यात जास्त घाबरवतं, मावशीचं तर २०२१ हे सालच भयानक गेलं, मे-जूनमध्ये म्युकरच्या बातम्या आणि जुलैत पुराचं पाणी घरात. पण म्युकरमायकोसिस हा वेगळ्या गटातल्या बुरशीचा आजार, तिचे कण मातीत, कुजलेल्या पाल्यात असतात, आणि तेव्हा तो मुख्यतः कोविड झालेल्यांना, त्यातही साखर आटोक्यात नसलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या पेशंटना झाला. काळं पडतं ते मेलेलं मांस, ती बुरशी स्वतः काळी नसते. भिंतीवरच्या ठिपक्यांशी तिचा संबंध लावू नका.

तिसरा, फुप्फुसातला रक्तस्राव. हे आलं अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातून, १९९३-९४ मध्ये तिथं काही तान्ह्या बाळांना असं झालं आणि बोट स्टॅकीबोट्रिसकडे गेलं, पण २००० साली अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, तपासणी परत तपासून सांगितलं की हा संबंध सिद्ध झालेला नाही. मात्र म्हणून ओल सोडून द्यायची नाही! जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की ओल आणि बुरशी असलेल्या घरात श्वासाचे त्रास, अ‍ॅलर्जी, दमा वाढतो. इंग्लंडमध्ये रॉचडेलला २०२० साली दोन वर्षांचा मुलगा गेला आणि घरातल्या बुरशीत बराच काळ राहिल्यामुळेच गेला असा निष्कर्ष कोरोनरने (मृत्यूचं कारण तपासणारा तिथला अधिकारी) २०२२ मध्ये दिला. घरात लहान बाळ, दमेकरी किंवा केमो चालू असलेलं माणूस असेल तर रंग कुठलाही असो, थांबू नका.

चौथा, ब्लीच आणि पेंट. इथं मला राग येतो कारण आम्ही यात पैसे घातलेत. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये एका काँट्रॅक्टरने "ब्लॅक मोल्ड ट्रीटमेंट" म्हणून भिंत घासली, केमिकल मारलं, पुट्टी, वर महागडा पेंट, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये डाग त्याच जागी, परत केलं, परत आला. शेवटी एका म्हाताऱ्या प्लंबरने वरच्या मजल्यावर जाऊन बाथरूममध्ये रंगीत पाणी सोडलं, नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीखालचं भांडं) कडेने ते आमच्या भिंतीत उतरत होतं. ट्रॅप बदलला, भिंत दोन महिने तशीच उघडी सुकू दिली, मग रंग, त्यानंतर डाग नाही. ओल्या भिंतीवर पेंट म्हणजे पाणी आत कोंडणं, पोपडे येणारच.

साफ करायचं तर तीन बाय तीन फुटांपर्यंतचं घरी होतं, साबणाचं पाणी, ओलं फडकं, हातमोजे, एन-९५ मास्क. कोरड्या ब्रशने घासू नका, कण घरभर उडतात. मेलेली बुरशीसुद्धा अ‍ॅलर्जी देते, त्यामुळे नुसतं ब्लीच मारून डाग पांढरा केला म्हणजे झालं असं नाही. आणि ब्लीचमध्ये टॉयलेटचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतेल. भिजलेला बोर्ड, पुठ्ठा, कापसाची गादी वाचवत बसू नका, टाकून द्या.

लॅब टेस्टचं एवढंच: जात कळली तरी काम तेच, पाणी बंद करा, सुकवा, पुसा, म्हणून सीडीसीसुद्धा घरातल्या बुरशीची जात तपासायची गरज नाही म्हणते. त्या पैशात हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर घ्या, काहीशे रुपयांत मिळतं. साठ टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रयत्न करायचा. कोकणात जुलैत बाहेरच ऐंशीच्या वर असते, तेव्हा नुसती खिडकी उघडून भिंत सुकत नाही, एक्झॉस्ट, पंखा, एसीचा ड्राय मोड लागतो, आणि हॉलमध्ये दोरीवर कपडे वाळत घातले की त्यातलं सगळं पाणी घरातच राहतं.

मावशीला कपाट वीतभर पुढे ओढायला सांगितलं. मागे पुठ्ठ्याचा खोका होता, जुन्या वह्यांचा, खालून लिबलिबीत झालेला, आणि त्याच भिंतीच्या पलीकडे पागोळीचा पाइप तुटून पाणी थेट चिऱ्यांवर पडत होतं. खोका काढला, पाइपवाला रविवारी येतोय.