खंदकातली दोस्ती आणि केमरिखचे बूट

एक फॉरवर्ड फिरतोय, तुम्हालाही आलाच असेल, की खरी मैत्री बघायची तर युद्धकादंबऱ्या वाचा, तिथे स्वार्थ नसतो, लहान-मोठा नसतो आणि शेवटी दोस्तीच माणसाला तारते. उदाहरण म्हणून रेमार्क या जर्मन लेखकाची १९२९ सालची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' दिलीये, पहिल्या महायुद्धात शाळेतून थेट खंदकात गेलेल्या जर्मन पोरांची गोष्ट. आता दुसरं कुठलंही पुस्तक दिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

स्वार्थ नसतो म्हणे. केमरिखचा पाय कापलाय, पोरगं मरायला टेकलंय आणि त्याचाच वर्गमित्र म्युलर, त्याचा डोळा केमरिखच्या मऊ चामड्याच्या बुटांवर. पण गंमत बघा, गोष्ट सांगणारा सैनिक पॉल म्युलरला नावं ठेवत नाही, उलट सांगतो की केमरिखला ते बूट उपयोगी पडणार असते तर हाच म्युलर काटेरी तारांवरून अनवाणी गेला असता. मग म्युलर मरतो, बूट पॉलकडे येतात, आणि पॉलने पुढचा नंबर टादेन या दोस्ताचा म्हणून आधीच सांगून ठेवलंय. म्हणजे दोस्ती आहेच हो, पण तिथे बूटही आहेत, आणि चांगले बूट मिळणं अवघड आहे. फॉरवर्डवाल्याने बूट काढून टाकले, दोस्ती ठेवली.

लहान-मोठा नसतो, हे खंदकात बऱ्यापैकी खरं. पण युद्ध संपलं तर काय करणार असा विषय निघतो तेव्हा त्यांच्यातला मजूर हाये म्हणतो मी सैन्यातच राहीन, कारण घरी गेलो तर परत दलदलीतलं पीट (जळणाची माती) खणणं नशिबी. शाळेतून आलेल्या पोरांना हा प्रश्न नाही, त्यांचा गोंधळ वेगळाच.

आणि तारते म्हणाल तर, पॉल एका फ्रेंच सैनिकाला खड्ड्यात सुरा मारतो, तो तासन्‌तास मरत असतो, पाकिटातून कळतं की नाव दुवाल, छापखान्यात टाइप जुळवायचा, घरी बायको आणि लेक. पॉल पार कोसळतो. परत आल्यावर दोस्त काय करतात? समजूत काढतात, तू दुसरं काय करणार होतास, त्यासाठीच तर आपण इथे आहोत, आणि वर एक नेमबाज दाखवतात जो आपली शिकार मोजतोय. त्यांच्या मनात वाईट काहीच नाही, पण त्यांच्यामुळेच पॉल दुसऱ्या दिवशी परत बंदूक धरू शकतो. मला पुस्तकातला सगळ्यात भीतीदायक भाग हाच वाटतो.

कॅटचं, म्हणजे पॉलच्या वयाने मोठ्या, जिवाभावाच्या दोस्ताचं तर विचारूच नका. चोरलेलं गूज (बदकाचा थोरला भाऊ समजा) रात्रभर भाजत दोघं बसलेले असतात, तो प्रसंग फॉरवर्डमध्ये आहे, अगदी बरोबर निवडलाय. पुढचं नाहीये. कॅटची नडगी फुटते, पॉल त्याला पाठीवर घेऊन दवाखान्याच्या तंबूपर्यंत धापा टाकत जातो, आणि तिथला माणूस सांगतो की हा मेलाय, वाटेत डोक्यात एक बारीक तुकडा घुसलाय. वर विचारतो, नात्यातले का तुमच्या?

नाही, म्हणतो पॉल.