मालकाचा वकील म्हणजे कामगाराचा दुश्मन नव्हे
कामगार खटल्यांच्या वकिलीवरच्या त्या लेखात मालकाकडून केस लढणारे वकील कामगाराच्या पोटावर पाय देतात असं सरसकट लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याचे हिशोब बघतो. मागं ऑर्डरी घटल्या तेव्हा मालक काही जणांना उद्यापासून येऊ नका म्हणणार होते, त्यांच्या वकीलसाहेबांनी आधी मस्टर म्हणजे हजेरीपट मागवलं, एकेकाच्या हजेऱ्या स्वतः मोजल्या आणि ज्यांचे वर्षात 240 दिवस भरलेत त्यांना तेव्हा लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणं महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर नोकरीच्या दर वर्षामागं 15 दिवसांचा पगार द्यावाच लागेल म्हणून ठणकावून सांगितलं. मालक चिडले, पण दिले. असा वकील दोघांचंही भलं करतो, आणि कोर्टाच्या बाहेरचं हे काम कुणाला दिसत नाही. नवीन पोरांनी लेबर प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे कामगार कायद्याच्या वकिलीत, जरूर यावं, फक्त आधी मस्टर आणि पगारपत्रक वाचायला शिकावं.