गॅस गिझर पेटत नाही? मग तो फिरणारा मेसेज आधी बाजूला ठेवा

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, मलाच चौघांनी पाठवला. म्हणे गिझर पेटत नसेल तर मेकॅनिक कशाला, सेल बदला, नाही झालं तर मागच्या सेन्सरच्या दोन वायरी जोडून टाका, तरी नाही तर जास्त प्रेशरचा रेग्युलेटर लावा, शेवटी काडीने पेटवा, आणि वाऱ्याने विझतो म्हणून खिडकी बंद ठेवा. यातलं सेलचं तेवढं अर्धं खरं, बाकीचं वाचून अंगावर काटा आला.

सेल आधी बघावेत हे बरोबरच, दीड व्होल्टचे दोन जाडे सेल असतात बहुतेकांत. पण त्याआधी नळ सोडून कान द्या ना. ठिणगीची टकटक अजिबात येत नाही, तर सेल नाहीतर पाणी. टकटक येते पण पेटत नाही, तर गॅस पोचत नाहीये, म्हणजे सिलेंडर संपलाय, किंवा नुकताच बदललाय आणि पाइपात हवा आहे, किंवा सेल अर्धमेले आहेत, कारण ठिणगीपुरता जीव असतो त्यांच्यात पण गॅसचा व्हॉल्व्ह उघडायला जोर उरत नाही. पेटून दोन-चार सेकंदात विझला तर ज्योत ओळखणाऱ्या धातूच्या काडीवर काजळी बसलेली असू शकते. सेल बदलताना पत्र्यावरचा हिरवा गंज पण घासा, नाहीतर नवे सेलही फुकट.

वायरी जोडा म्हणे! अहो, तो सेन्सर म्हणजे ते बटणासारखं दिसतं ते, पाणी फार तापलं की गॅस बंद करायला असतं. ते बायपास केलं तर गिझर कदाचित पेटेलही, पण मग उकळलं तरी थांबवणारं कोणी नाही.

रेग्युलेटर गिझरच्या प्लेटवर लिहिलेल्या प्रेशरचाच हवा, विषय संपला.

काडीचं तर विचारूच नका. प्रत्येक वेळी नळ सोडला की ठिणगी पडो न पडो थोडा गॅस सुटू शकतो, एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचत जातो, आणि पाचव्या वेळेला तुम्ही तोंड जवळ नेऊन काडी ओढता. वास येत असेल तर गॅस बंद, खिडकी उघडी, लाइटचं बटणही दाबायचं नाही.

आणि खिडकी बंद ठेवा म्हणणाऱ्याला तर हात जोडले. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस आंघोळ करता करता कोसळतो. ज्योत निळी सोडून पिवळी दिसली तर वापरूच नका, तिथे मेकॅनिकच.

गंमत म्हणजे मेसेजमध्ये पाण्याचं नावच नाही. पाण्याच्या जोराने आतला रबरी पडदा सरकतो, तो स्विच दाबतो, मग पुढचं सगळं. माझ्याकडे टकटक बंद होती, मी पण आधी दोनदा नवे सेल घातले (हो, मीच), काही नाही. मग पाण्याचा कॉक बंद करून पाणी आत येतं तिथला (इनलेटचा) नट खोलला तर आतली बोटाच्या पेराएवढी जाळी वाळूने गच्च भरलेली, जुन्या ब्रशने घासली, परत बसवली. नंतर सहज म्हणून जुने सेल परत घालून बघितले, पहिल्या टकटकीला पेटला.