तण संपत नाही, थांबतं

लॉनमधल्या तणाबद्दलच्या एका लेखात म्हटलंय की लॉन दोन-तीन वर्षं नीट कापलं, तण फुलू दिलं नाही, की जमिनीत साठलेलं तणाचं बी संपतं. हे पटत नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी 1879 मध्ये 20 बाटल्यांत ओल्या वाळूबरोबर 21 प्रकारच्या तणांचं बी भरून जमिनीत पुरलं. 2021 मध्ये त्यातली एक बाटली काढली, तर 142 वर्षांनंतरही काही बिया रुजल्या! सगळीच तणं एवढी चिवट नसतात, हे मान्य. पण टाकळ्यासारखं कठीण कवचाचं बी वर्षानुवर्षं सहज पडून राहतं.

शिवाय कापणीमुळे बी पडायचं थांबतं, हेही अर्धंच खरं. उंच वाढणारा आघाडा मार खातो. पण आंबुशी, नायटी, भुईआवळी यांची फुलं-फळं कापणीयंत्राच्या पात्याच्या खालीच असतात; त्या आरामात बी टाकत राहतात. (नागरमोथ्याचा प्रश्न वेगळा, तो गाठींतून येतो.)

आपल्याकडे तर सोसायटीचं लॉन म्हणजे बाहेरून आणलेली ट्रकभर लाल माती, म्हणजे कुठल्या तरी माळरानाचं बियाणंही सोबत आलंच. माळी लॉन अगदी तळाशी कापतात, जमीन उघडी पडते, आणि उजेड मिळाला की रुजणाऱ्या बारीक बियांचं फावतं. पातं दोन-तीन इंचांवर ठेवून बघा, तणनाशकाचा खर्च कमी होईल. आणि आंबुशीची चटणी करणाऱ्यांनी आधी फवारणीची चौकशी करावी.