व्हर्न, वेल्स, क्लार्क ज्योतिषी नव्हते

‘विज्ञानकथाकारांनी आपलं जग आधीच पाहिलं होतं’ अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सॲपवर थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. त्यातले दावे साधारण असे: पाणबुडीचा शोध ज्यूल व्हर्नने लावला आणि चांद्रमोहीमही त्यानेच फ्लोरिडासकट वर्तवली, एच. जी. वेल्सला अणुबॉम्ब आधीच दिसला होता. आर्थर क्लार्कच्या कथेतले उपग्रह पुढे खरे झाले. आजचे रोबो आयझॅक आसिमॉव्हच्या तीन नियमांवर चालतात. कोविडची गोष्ट १९८१ मध्येच छापून आली होती. आणि शेवटी शिफारस: ज्यांची भाकितं खरी ठरली तेच मोठे लेखक, त्यांनाच वाचा. दावे एकेक करून तपासू. त्या शिफारशीकडे शेवटी येऊ, कारण खरं नुकसान ती करते.

पाणबुडीपासून सुरुवात. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ १८६९-७० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. रॉबर्ट फुल्टनने १८०० मध्येच फ्रान्समध्ये पाणबुडी बांधून चालवून दाखवली होती आणि तिचं नाव होतं नॉटिलस. कॅप्टन नेमोच्या पाणबुडीचं नाव तेच आहे. १८६३ मध्ये फ्रेंच नौदलाने दाबलेल्या हवेवर चालणारी पाणबुडी पाण्यात उतरवली. तिची प्रतिकृती व्हर्नने १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात पाहिली. १८६४ मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धात तर ‘हन्ली’ या पाणबुडीने शत्रूची युद्धनौका बुडवलीसुद्धा. व्हर्नचं श्रेय त्यापुढचं आहे: त्याने पाणबुडी विजेवर चालवली आणि बॅटरीला लागणारं सोडियम समुद्राच्या पाण्यातूनच मिळवायची सोय लावली. शीर्षकातले वीस हजार लीग म्हणजे खोली नव्हे, प्रवासाचं अंतर; चार किलोमीटरचा लीग धरला तर ऐंशी हजार किलोमीटर. एक सूचना: १८७० च्या दशकातलं मर्सिएचं इंग्रजी भाषांतर टाळा. त्यात पुस्तकाचा पाचवा हिस्सा गाळलाय, तोही बराचसा शास्त्रीय तपशिलाचा, आणि नेटवर फुकट मिळणाऱ्या प्रतींत तेच भाषांतर वारंवार समोर येतं.

चांद्रमोहिमेचा दावा जरा बारकाईने बघण्यासारखा आहे. १८६५ च्या ‘फ्रॉम द अर्थ टू द मून’मध्ये तिघे प्रवासी फ्लोरिडातून निघतात, अपोलो ११ मध्येही तिघे होते आणि यानही फ्लोरिडातूनच निघालं, हे खरं. पण व्हर्नने फ्लोरिडा निवडला तो तोफ सरळ आकाशाकडे रोखायची म्हणून. त्यासाठी चंद्र बरोबर डोक्यावर यायला हवा, आणि तसा तो विषुववृत्तापासून २८ अंशांच्या आतच येतो. अमेरिकेने प्रक्षेपणासाठी फ्लोरिडातलं केप कॅनाव्हरल निवडलं त्याचं कारण वेगळं: पूर्वेला मोकळा समुद्र, आणि दक्षिणेकडे असल्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा वेग जास्त पदरात पडतो. ते ठिकाण साडेअठ्ठावीस अंशांवर, म्हणजे व्हर्नच्या मर्यादेच्या किंचित बाहेरच आहे.

तोफेचं गणित घ्या. नळी ९०० फूट, म्हणजे २७४ मीटर. गोळ्याचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे जवळपास ११ किलोमीटर. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला साधारण एवढाच वेग लागतो. व्हर्नने आकडा नीट काढला होता. पण शून्यापासून तो वेग २७४ मीटरमध्ये गाठायचा तर त्वरण गुरुत्वाच्या सुमारे २२ हजारपट होतं. साठ किलोचा माणूस त्या क्षणी तेराशे टनांचा होईल. व्हर्नने तळाशी पाण्याची गादी दिली आहे, तिचा काही उपयोग नाही. दुसरी चूक त्याहून सूक्ष्म आहे. पुढच्या भागात, ‘अराउंड द मून’मध्ये, पृथ्वीची आणि चंद्राची ओढ जिथे समान होते तेवढ्याच जागी प्रवासी तरंगतात. प्रत्यक्षात तोफेतून सुटल्यावर हवेच्या बाहेर पडले की ते सगळा वेळ तरंगले असते. तरीही ही जोडी वाचावीच. गणित उघडपणे पानावर मांडून वाचकाला तपासायला देणारा लेखक त्या काळात दुर्मीळ होता. मराठी मुलांपर्यंत व्हर्न नेला भा. रा. भागवतांनी, आणि त्यांच्या हातचा व्हर्न आजही पळत वाचला जातो.

वेल्सची ‘द वर्ल्ड सेट फ्री’ १९१४ ची. त्यात ‘अणुबॉम्ब’ हे नाव आहे आणि तो विमानातून टाकलाही जातो. पण हा बॉम्ब फुटून संपत नाही. विमानातला माणूस तो दोन्ही हातांनी उचलतो, सेल्युलॉइडची खुंटी दातांनी तोडून आत हवा जाऊ देतो आणि खाली सोडतो; मग तो जमिनीत धगधगत राहतो, दर १७ दिवसांनी निम्मा होत. वेल्सला ही कल्पना मिळाली फ्रेडरिक सॉडी या शास्त्रज्ञाच्या रेडियमवरच्या पुस्तकातून, आणि कादंबरी त्याच पुस्तकाला अर्पण केली आहे. खऱ्या अणुबॉम्बमागची साखळी प्रक्रिया, म्हणजे एक अणू फुटून सुटलेल्या न्यूट्रॉनांनी पुढचे अणू फुटत जाणं, त्यात नाही. असणार कशी, न्यूट्रॉनच सापडला १९३२ मध्ये. त्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्डने ही कादंबरी वाचली आणि १९३३ मध्ये लंडनमध्ये त्याला साखळी प्रक्रिया सुचली. म्हणजे शास्त्रज्ञाकडून लेखकाकडे आणि लेखकाकडून पुन्हा शास्त्रज्ञाकडे अशी ही देवाणघेवाण आहे, आणि ती भाकितापेक्षा कितीतरी रंजक आहे. वाचायला मात्र ही कादंबरी जड जाते. वेल्सची सुरुवात ‘द टाइम मशीन’ने करावी.

क्लार्कचा उपग्रह कुठल्या कथेतला नाहीच. ऑक्टोबर १९४५ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकातला तो आकडेमोडीसकटचा तांत्रिक लेख आहे. त्यातल्या, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या तीन संदेशवहन केंद्रांवर माणसं राहतात आणि रॉकेटने सामान येतं, कारण तेव्हाच्या रेडिओयंत्रांतले व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) जळले की बदलायला कुणीतरी हवं. भूस्थिर कक्षेतल्या, म्हणजे पृथ्वीबरोबरच फिरत आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, अवकाशस्थानकाचा आराखडा त्याआधी, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, हेर्मान पोटोचनिकने मांडला होता. कथाकार क्लार्क बघायचा असेल तर ‘रांदेव्हू विथ रामा’ (१९७३) घ्या. परक्यांचं यान म्हणजे पन्नास किलोमीटर लांबीचं, स्वतःभोवती फिरणारं पोकळ नळकांडं, आतली त्रिज्या आठ किलोमीटर, चार मिनिटांत एक फेरा; हिशेब केला तर आतल्या जमिनीवर पृथ्वीच्या ५६ टक्के गुरुत्व येतं. आत गोल फिरणारा समुद्र आहे. त्याचा एका बाजूचा कडा ५० मीटर उंच, समोरचा ५००. का? यान वेग घेईल तेव्हा पाणी मागे रेटलं जाणार, म्हणून मागचा कडा उंच. यान कुठल्या दिशेने जोर लावणार हे पात्रं त्या कड्यावरून ओळखतात. विज्ञानकथेची खरी गंमत ही, अशा तर्कात.

आसिमॉव्हबद्दलचा दावा तर पार उलटा आहे. कारखान्यातला रोबो ‘माणसाला इजा करू नये’ असं समजून वागत नाही. त्याच्याभोवती जाळी असते, प्रकाशाचा पडदा असतो, लाल बटण असतं; शिकवताना त्याचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत ठेवायचा असा आंतरराष्ट्रीय मानकाचा नियम आहे. आणि आसिमॉव्हच्या कथा हे नियम कसे कोलमडतात त्याच्याच आहेत. नियम असे: पहिला, माणसाला इजा करू नये, होऊही देऊ नये; दुसरा, माणसाचा हुकूम पाळावा; तिसरा, स्वतःला जपावं; आणि आधीचा नियम नंतरच्यापेक्षा वरचढ. तिन्ही नियम प्रथम स्पष्टपणे मांडले गेले ‘रनअराउंड’मध्ये, १९४२ साली. बुध ग्रहावर स्पीडी नावाच्या रोबोला सेलेनियम आणायला पाठवलंय. हुकूम सहज दिलेला, म्हणून दुसऱ्या नियमाचा जोर कमी. रोबो महागडा, म्हणून स्वतःला जपायचा तिसरा नियम मुद्दाम घट्ट केलेला. सेलेनियमच्या डबक्याजवळ गेलं की धोका वाढतो, लांब गेलं की हुकूम ओढतो. दोन्ही जिथे समान होतात तिथे तो त्या डबक्याभोवती नुसता फिरत राहतो. शेवटी एक माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालतो, तेव्हा पहिला नियम जागा होऊन रोबो भानावर येतो. ‘आय, रोबॉट’ (१९५०) वाचताना प्रत्येक कथेत हेच शोधा: कोणता नियम कुणावर मात करतोय.

कोविडचा दावा लवकर निपटतो. डीन कूंट्झच्या ‘द आइज ऑफ डार्कनेस’मध्ये १९८१ साली विषाणूचं नाव ‘गोर्की-४००’ होतं, सोव्हिएत रशियातलं. १९८९ च्या आवृत्तीत ते ‘वुहान-४००’ झालं. त्यातला विषाणू लागण झालेल्या प्रत्येकाला चोवीस तासांच्या आत मारतो. ‘२०२० च्या सुमारास न्यूमोनियासारखा आजार’ हे सोबत फिरणारं पान त्या कादंबरीतलं नाहीच, भविष्य सांगणाऱ्या सिल्विया ब्राउनच्या २००८ च्या दुसऱ्याच पुस्तकातलं आहे. दोन पानं शेजारी ठेवून फोटो पसरवला गेला.

आता ती शिफारस. भाकितांच्या मापाने निवडलं तर उर्सुला ले ग्विन बाद होते. ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’च्या प्रस्तावनेत तिनेच विज्ञानकथा भविष्य सांगत नाही असं बजावलंय. जयंत नारळीकरही बाद होतात. ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये मोबियस पट्टीच्या (अर्धा पीळ देऊन टोकं जोडलेल्या पट्टीच्या) कल्पनेवरून डाव्याचं उजवं होतं, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासराव वाचतात आणि १७६१ नंतरचा इतिहासच फिरतो. यातलं काय ‘खरं ठरणार’? त्यांची पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि बक्षीस मिळवलं. नवख्या मराठी वाचकाने नारळीकरांपासूनच सुरुवात करावी, मग आसिमॉव्ह, मग ‘रामा’. स्तानिस्लाव्ह लेमची ‘सोलारिस’ (१९६१) त्यानंतर: परग्रहावरचा महासागर जिवंत आहे, आणि माणसाला तो शेवटपर्यंत कळत नाही. तिचं १९७० चं इंग्रजी भाषांतर पोलिशवरून नाही, फ्रेंचवरून केलेलं आहे. थेट पोलिशवरून केलेलं बिल जॉन्स्टनचं भाषांतर २०११ मध्ये आलं. मिळालं तर तेच घ्या.